१५ एप्रिलचं काय?

दोस्तांनो, प्रश्न साधा आहे. सार्वजनिक म्हणजे काय?

शब्दकोश उघडू नका. शब्दकोशवाले 'सर्व' आणि 'जन' अशी फोड करून मोकळे होतात. त्या 'जन' मध्ये आपण होतो की नव्हतो, हे कुणी लिहीत नाही. त्यापेक्षा आपल्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयाचा फळा वाचा. तालुक्याचं गाव. एक एसटी स्टँड, एक सूतगिरणी, एक वाचनालय. आत शिरताना भिंतीवर काळा फळा आहे आणि त्याच्यावर वर्षभर खडूनं कार्यक्रम लिहितात. जानेवारीत महिला विभागाचं हळदीकुंकू. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन. मे महिन्यात वसंत व्याख्यानमाला. १२ ऑगस्टला ग्रंथपाल दिन, १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, मग दिवाळी अंकांचं प्रदर्शन. आणि मधेच एकदा १४ एप्रिल. प्रतिमापूजन व काव्यवाचन. (बाबासाहेबांचं पूजन! या शब्दावरच एक वेगळा लेख होईल. असो.) त्याच्या खाली आपल्यातल्या कुणातरी पोराचं नाव.

१५ एप्रिलला सकाळी ओल्या फडक्यानं फळा पुसतात.

मागची दोन वर्षं ते नाव माझं होतं. यंदाही पत्र आलं. त्यात एक ओळ नवीन होती. कविता बाबासाहेबांच्या जीवनकार्यावरच असावी, राजकीय टीका टाळावी, अशी विनंती. पत्र बैठकीत वाचलं आणि वाद पेटला. निम्मे म्हणाले, थुंका त्या पत्रावर, आपलं विहार आहे, आपला लाऊडस्पीकर आहे, तिथं वाचू. निम्मे म्हणाले, मिळालेलं स्टेज सोडणारा कार्यकर्ता कसला? मला तिसरी पाळी होती, साडेदहाला उठून गेलो. बाकीचं भांडण मी रात्रभर रिंग फ्रेमसमोर उभा राहून स्वतःशीच भांडलो. धागा तुटतो, सांधायचा, पुढं चालायचं. विचाराला ही जागा वाईट नाही. कानात एवढा आवाज असतो की दुसऱ्या कुणाचं ऐकूच येत नाही.

पहिली गोष्ट पैशाची. वाचनालयाचे पदाधिकारी म्हणतात, ही आमची संस्था आहे, देणगीदारांनी उभी केली, कार्यक्रम कोणते घ्यायचे ते आमची कार्यकारिणी ठरवील. बोलणं गोड असतं. मागं पंखा फिरत असतो. आता कायदा बघा. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ चा. सरकारनं गावोगाव स्वतः वाचनालयं काढली नाहीत. नोंदणी झालेल्या संस्थांना मान्यता दिली, अ, ब, क, ड असे वर्ग पाडले आणि १९७० च्या नियमांप्रमाणं अनुदान सुरू केलं. मद्रासच्या १९४८ च्या कायद्यात ग्रंथालय कर होता. आपल्याकडं तसा कर ठेवला नाही. म्हणजे अनुदान सरळ सरकारी तिजोरीतून येतं. तिजोरी कोण भरतं? काडेपेटी घेणारा भरतो. साबणाची वडी घेणारी बाई भरते. मोबाइलमध्ये रिचार्ज मारणारा बदली कामगार भरतो. ग्रंथपालाचा पगार, पेपरांची बिलं, नवी पुस्तकं, यात आपल्या वस्तीचा पैसा आहे. देणगीदाराचं नाव संगमरवरावर कोरलेलं असतं. आपलं नाव कुठंच नसतं, कारण आपण रोज थोडं थोडं देतो.

घटनेच्या १५ व्या कलमाचा दुसरा भाग काढून वाचा. विहिरी, तळी, स्नानघाट, रस्ते आणि लोकांच्या वहिवाटीच्या जागा. राज्याच्या पैशानं पूर्णतः किंवा अंशतः चालवलेल्या. या 'अंशतः' शब्दावर माझा फार जीव आहे. पूर्ण पैसा सरकारचा असायची गरज नाही. थोडा असला तरी दार सगळ्यांचं. हे कलम आभाळातून पडलेलं नाही. ४ ऑगस्ट १९२३ ला सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या कायदेमंडळात ठराव आणला होता. सार्वजनिक पैशानं बांधलेली पाणवठ्याची ठिकाणं, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना मोकळे करावेत असा. ठराव पास झाला. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनं चवदार तळं कागदावर खुलं केलं. कागदावर! १९२७ च्या २० मार्चपर्यंत आपल्यातल्या कुणाच्या ओंजळीत ते पाणी आलं नव्हतं. आणि आल्यावर काय झालं? मारहाण झाली, १०८ घागरींनी तळं शुद्ध केलं, ४ ऑगस्ट १९२७ ला नगरपालिकेनं आपलाच ठराव मागं घेतला. पुढं कोर्टात गेले तेव्हा सवर्णांचं म्हणणं काय होतं? की हे तळं सार्वजनिक नाहीच. चौधरी तळं आहे. खासगी आहे. म्हणजे जोवर आपण काठावर नव्हतो तोवर ते सगळ्या गावाचं होतं. आपण पायऱ्या उतरलो आणि तळं खासगी झालं. १७ मार्च १९३७ ला हायकोर्टानं आपल्या बाजूनं निकाल दिला, तोवर दहा वर्षं गेली.

म्हणून 'ही खासगी संस्था आहे' हे वाक्य कानावर पडलं की मला महाडच आठवतं. वाचनालयात कुणी घागरी ओतत नाही. पण युक्तिवादाची पोत तीच.

कोणी म्हणेल, अरे, पण वाचनालयाचं दार तर उघडंच आहे. तुला अडवलं कुणी? बरोबर. दारात अडवलं नाही. पण दार उघडं असणं आणि जागा आपली असणं यातला फरक गिरणी कामगाराला शिकवायला नको. मुंबईच्या गिरण्यांचे दरवाजे आपल्या आज्यापणज्यांना उघडेच होते. रिंग खात्यात घ्यायचे, सफाईला घ्यायचे. पण जिथं जास्त पगार होता त्या विणाई खात्यात नाही. का, तर धोट्यात नवी कांडी घातली की धाग्याचं टोक तोंडानं ओढून घ्यावं लागे, आणि आपल्या तोंडचा धागा सवर्ण विणकराला चालत नव्हता. लाल झेंड्याखाली एकत्र घोषणा द्यायला चालत होता. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी संपवाल्या पुढाऱ्यांपुढं हाच प्रश्न ठेवला. एकाच गेटमधून आत, आणि आत गेल्यावर खाती वेगळी.

वाचनालयाला पण खाती आहेत. पेपर वाचायचं बाकडं हे एक खातं, तिथं आपले म्हातारे असतात, पंख्याखाली, जुने. अभ्यासिका हे दुसरं, तिथं आपली पोरं महिन्याला पैसे भरून स्पर्धा परीक्षेचे प्रश्नसंच पाठ करतात. या पोरांना मी नावं ठेवणार नाही. नोकरी लागली तर घरचं छप्पर पक्कं होईल, हे त्यांचं गणित खरं आहे. पण जरा बघा, इमारतीत रोज बारा तास बसणारी ही पोरं खालच्या सभागृहातल्या कार्यक्रमाला एकदाही उतरत नाहीत. त्यांना वाटतं तो कार्यक्रम दुसऱ्यांचा आहे. चूक वाटत नाही त्यांचं. आणि मग तिसरं खातं, सभागृह. विणाई खातं! कोण बोलणार, कशावर बोलणार, गावानं कशाला टाळ्या वाजवायच्या, ते तिथं ठरतं. मागच्या मे महिन्यात व्याख्यानमालेत ज्ञानेश्वरीतलं व्यवस्थापनशास्त्र झालं. ताणतणावमुक्त जीवन झालं. एका डॉक्टरसाहेबांचा युरोपचा प्रवास झाला, पडद्यावर फोटो दाखवून. या गावात सूतगिरणी आहे, तिथं कापूस पिंजताना उडणारी धूळ शेकडो माणसांच्या छातीत जाते, यावर एका डॉक्टरनं एक तास बोलावं असं कार्यकारिणीतल्या एकाच्याही मनात आलं नाही. मुद्दाम टाळलं असं मी म्हणत नाही. मनातच आलं नाही. हे मला जास्त वाईट वाटतं.

आणि वेळ? व्याख्यान संध्याकाळी साडेसहाला. दुसरी पाळी तीनला आत गेलेली असते ती अकराला सुटते. पहिली पाळीवाला पहाटे साडेपाचला उठलेला असतो. तिसरीवाला झोपेतून नुकता उठून डबा भरत असतो. साडेसहा ही पेन्शनरांची वेळ आहे. घड्याळालाही जात असते, दोस्तांनो, ती कुणी मोजत नाही.

हळदीकुंकवाचं तर विचारूच नका. महिला विभागाच्या सूचनेत 'सर्व सुवासिनींना आमंत्रण' असं लिहिलेलं असतं. माझी आई विधवा आहे. चौथी शिकली, माझ्या पिशवीतलं प्रत्येक पुस्तक आधी ती वाचते. ती वाचनालयाची वाचक होऊ शकते, पण वाचनालयाच्या बायकांच्या कार्यक्रमाला जाऊ शकत नाही. आपल्या बौद्ध बायकांना त्यात काय मिळणार? मोमीनपुऱ्यातल्या बायकांचं काय? आमच्या शेजारची, नवऱ्यानं टाकलेली? एक वाण आणि एक चिमूट कुंकू, आणि गावातल्या अर्ध्या बायका बाहेर. तुमच्या घरी खुशाल करा, आमचं काही म्हणणं नाही. पण अनुदान घेणाऱ्या खोलीत बाईला बोलावताना तिचा नवरा जिवंत आहे का हे विचारायचं नसतं. दारावर कुणी 'मज्जाव' लिहिलं नाही. आमंत्रणच असं लिहिलं की मज्जाव लिहायची गरज पडू नये.

आता १४ एप्रिलकडं येऊ. खरी अडचण इथं आहे, कारण इथं आपल्याला हाकलत नाहीत, बोलावतात. शाल देतात. नारळ देतात. अध्यक्ष पाठीवर हात ठेवून म्हणतात, तुम्ही फार छान लिहिता हो, गिरणीत असून. हाकललं असतं तर लढणं सोपं होतं. मान देऊन एका दिवसात बंद केलेल्या माणसानं कसं लढायचं? माझं म्हणणं असं आहे की ज्याला ३६४ दिवस बोलायचा हक्क नाही त्याला एक दिवस दिलेला मान हा त्या हक्काच्या बदल्यात दिलेला असतो. घेणाऱ्यानं हा सौदा आहे हे ओळखावं. आणि सौद्यात दोन बाजूंना बोलता येतं.

मग आपलं वेगळं वाचनालय काढू, हा दुसऱ्या गटाचा मुद्दा. भावनेला पटतो. पण एक गोष्ट ऐका, काळ्या भावांची. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात अलेक्झांड्रिया म्हणून गाव आहे. तिथलं सार्वजनिक वाचनालय फक्त गोऱ्यांचं. कर मात्र सगळ्यांचा. २१ ऑगस्ट १९३९ ला पाच काळे तरुण एकेक करून आत गेले, सभासदकार्ड मागितलं, नाही म्हटल्यावर शेल्फातलं पुस्तक काढून टेबलाशी गप्प वाचत बसले. पोलीस आले आणि वाचणाऱ्या माणसांना धरून नेलं. हे घडवून आणलं होतं सॅम्युअल टकर नावाच्या तरुण काळ्या वकिलानं. गावानं यावर तोडगा काय काढला? १९४० मध्ये काळ्यांसाठी वेगळं छोटं वाचनालय बांधून दिलं. टकरला तिथलं कार्ड देऊ केलं. टकरनं ते नाकारलं. तो पुस्तकाला भुकेला नव्हता का? होता. पण हे कार्ड घेणं म्हणजे त्या दुसऱ्या दारावर आपल्या हातानं कुलूप घालणं, हे त्याला कळत होतं.

लुइझियानाच्या क्लिंटन गावी तर पुस्तकांच्या गाड्याच दोन होत्या. गोऱ्यांना लाल, काळ्यांना निळी. १९६४ मध्ये पाच काळे तरुण तिथल्या वाचनालयात जाऊन उभे राहिले, त्यांना अटक झाली, १९६६ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं शिक्षा रद्द केली. निळी गाडी तेवढी लक्षात ठेवा.

कारण मी वेगळ्या वाचनालयाच्या विरुद्ध नाही. कसा असेन? १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा काढली तेव्हाच तिच्या उद्देशांत वाचनालयं आणि अभ्यासमंडळं होती, मुंबईत सभेनं मोफत वाचनालय चालवलं. आणि तीच माणसं तीन वर्षांनी महाडला तळ्यावर गेली. दोन्ही केलं. आपलं घर बांधणं वेगळं, आणि गावानं आपल्याला आपल्याच घरात कोंडणं वेगळं. विहारातलं वाचनालय आपण आपल्या हौसेनं चालवतो तोवर ते आपलं. पण ज्या दिवशी वाचनालयाचा अध्यक्ष म्हणेल, 'तुमचं विहारात आहेच की, तिथं वाचा ना कविता', त्या दिवशी ती निळी गाडी झाली. आणि हे वाक्य मी ऐकलेलं आहे.

आणि विहाराचंही बोलू, राग आला तरी चालेल. तिथल्या कपाटात सरकारनं १९७९ पासून छापलेले बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे खंड आहेत. कपाटाला कुलूप आहे. किल्ली ज्याच्याकडं आहे तो माणूस पुण्याला असतो. आपल्या मातंग वस्तीतली पोरं तिथं येतात का? १ ऑगस्टला अण्णा भाऊंची जयंती आपण तिथं कधी केली? 'फकिरा' बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केलेली आहे, एवढं तरी आपल्या कपाटाला माहीत पाहिजे. पोरी येतात का? आल्या तर चटई झाडायला. वाचनालयाच्या कार्यकारिणीला जो प्रश्न विचारायचा तोच इथं विचारायचा. कार्यक्रम कोण ठरवतं? मुंबईहून वक्ता आणायचा, डीजे किती वाजेपर्यंत, हे पाच जण ठरवतात आणि पाचही बाप्ये असतात.

काही जण म्हणतात, हे सगळं कशाला, वाचनालयंच आता मेली, सगळं मोबाइलवर आहे. मोबाइलवर मी पण वाचतो, डब्याच्या सुट्टीत. पण मोबाइलमध्ये समोरचा माणूस उठून 'मला पटलं नाही' म्हणत नाही. म्हणजे म्हणतो, पण त्याला तोंड नसतं. माणसांनी एका खोलीत बसून एकमेकांचं ऐकणं ही गोष्ट या गावात फक्त लग्नात, मयतीला आणि निवडणुकीत होते, आणि तिन्ही ठिकाणी आपापल्या जातीत.

कार्यक्रमानं काय होतं असं विचारणाऱ्याला मी एकच कार्यक्रम सांगतो. बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलाय. शाळेतली एक परीक्षा ते पास झाले तेव्हा वस्तीतल्या लोकांनी सभा घ्यायचं ठरवलं. वडील नको म्हणाले, पोराच्या डोक्यात हवा जाईल. लोक हटले नाहीत. दादा केळुसकरांकडं गेले, त्यांनी वडिलांची समजूत घातली, सभा झाली, आणि केळुसकरांनी आपण लिहिलेलं बुद्धाचं चरित्र त्या पोराच्या हातात दिलं. बस्स. चाळीतल्या लोकांची छोटी सभा. सुभेदारांची भीती मला पटते, सत्कारानं माणूस फुगतो, आपल्यातले किती फुगलेले बघतो आपण. पण त्या सभेत सत्काराखेरीज आणखी काहीतरी झालं. पुस्तक दिलं, आणि ते देणाऱ्यानं आधी वाचलेलं होतं. शाल-नारळात हे होत नाही. नारळ कुणी कुणाला वाचून देत नाही.

म्हणून माझं मत असं. जायचं की नाही जायचं हा प्रश्नच त्यांच्या पत्रानं आपल्या तोंडात घातलाय. आपला प्रश्न १५ एप्रिलचा आहे. मी पत्राला उत्तर लिहिलंय, बैठकीनं मंजूर केलं तर देऊ. त्यात लिहिलंय की कविता कोणती वाचायची ते कवी ठरवील. शाल नको. त्याऐवजी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी चार ते सहा सभागृह द्या, पहिली पाळी घरी जाऊन अंघोळ करून येऊ शकते आणि तिसरीची झोप झालेली असते. एक पुस्तक आणायचं, त्यातली दहा पानं मोठ्यानं वाचायची आणि त्यावर ज्याला बोलायचंय त्यानं बोलायचं. वाचता न येणाऱ्यानंही. पहिल्या रविवारी गिरणीच्या धुळीवर दवाखान्यातल्या डॉक्टरला बोलवायचं. दुसऱ्याला, काचेच्या कपाटातला खंड. हळदीकुंकवाच्या जागी ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीला सगळ्या बायका, नवऱ्याची चौकशी न करता. फुल्यांनी भिडेवाड्यात शाळा काढली ते साल १८४८. पुण्याची नेटिव्ह जनरल लायब्ररी पण १८४८ चीच. एकाच शहरात, एकाच वर्षी. त्या दोन दारांतून आत जाणारी माणसं सारखी नव्हती. हे अंतर अजून कापायचंय.

ते नाही म्हणतील. म्हणू देत. ग्रंथपालावर ओरडू नका, त्याला माझ्या हजेरीपेक्षा कमी पैसे मिळतात आणि तो एकटा माणूस तिथं पुस्तकं पुसतो. निर्णय त्याच्या हातात नाही. निर्णय वार्षिक सभेत होतो, आणि वार्षिक सभेला सभासद असावं लागतं. मी मागच्या सभेचा नोटीस बोर्ड वाचला, हजर सभासद २३. तेवीस! आमच्या एका खात्यात एका पाळीला याच्यापेक्षा जास्त माणसं असतात. संस्थेची घटना धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात बघायला मिळते. अनुदान किती आणि कशावर खर्च झालं ते माहितीच्या अधिकारात जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्याकडं विचारता येतं, अर्ज मी लिहून ठेवलाय.

सभासदाचे फॉर्म वाचनालयात सकाळी आठ ते अकरा मिळतात. दोन फोटो आणि आधारची झेरॉक्स लागते, अनामत रक्कम परत मिळते. दुसऱ्या पाळीवाल्यांनी सकाळीच जाऊन भरावेत. पोरींनी आपापल्या नावानं भरावेत, भावाच्या नाही. पहिल्या पाळीवाल्यांचे फॉर्म मी तिसरी सुटल्यावर आणून गेटवर ठेवतो, माझ्या आईचा आधीच भरलाय.